रायगडावरील गृहकलह आणि दोन हत्यांचे आरोप : एक साधनचिकित्सा

प्रस्तावना

महाड तालुक्यातील रायगड किल्ल्यावर राणीवशाचे सहा महाल दाखविले जातात. जोती, पायऱ्या आणि शौचकूपांच्या खुणा यांपलीकडे तेथे आज फारसे काही उभे नाही. तथापि या उघड्या जोत्यांभोवती मराठ्यांच्या इतिहासातील दोन भीषण आरोप गेली दोन शतके घोटाळत राहिले आहेत. पहिला आरोप असा की, इ. स. १६८० च्या चैत्रात महाराणी सोयराबाई यांनी आपला पुत्र राजाराम यास गादी मिळावी म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांवर विषप्रयोग केला. दुसरा असा की, संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात येताच या सावत्र मातेस भिंतीत चिणून ठार केले. पत्नीने पतीस मारले आणि पुत्राने मातेस मारले, अशी ही जोडकथा आहे. तिच्यातील दुसरा भाग पहिल्याचा सूड म्हणून सांगितला जातो आणि पहिला भाग दुसऱ्याचे समर्थन म्हणून. एक दुसऱ्याला टेकून उभा असल्यामुळे दोन्ही खरे वाटतात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे तपासण्याचा प्रयत्न मात्र कमी वेळा झाला.

मराठी वाचकाला राजघराण्यातील हत्या म्हटली की प्रथम आठवतो तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून. त्या प्रकरणात मारेकरी कोण, कोठे मारले, कोणाच्या देखत मारले हे वादातीत आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याची चौकशी केली. वाद उरला तो आज्ञा ‘धरावे’ अशी होती की ‘मारावे’, एवढ्या एका अक्षराचा. रायगडाच्या प्रकरणाचे स्वरूप याहून मूलतः भिन्न आहे. येथे ‘हत्या कोणी केली’ या प्रश्नाआधी ‘हत्या झाली काय’ हाच प्रश्न उभा राहतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच या विषयावरील बरेचसे लेखन आरोपपत्र किंवा बचावाचे भाषण या दोन टोकांना जाऊन पोहोचले आहे.

सदर प्रश्नाचा विचार करताना एक अडचण आरंभीच नमूद करणे अगत्याचे आहे. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफमाऱ्याने लागलेल्या आगीत गडावरील वाडे भस्मसात झाले. राजधानीचे दफ्तर राजधानीत उरले नाही. त्यामुळे रायगडावर काय घडले हे मुंबईच्या वखारीत, जिंजीच्या दरबारात, कारीच्या जेध्यांच्या घरात आणि साताऱ्याच्या चिटणिशी दफ्तरात शोधावे लागते. ज्या ठिकाणाहून साक्ष येते त्या ठिकाणाचा हेतू साक्षीला चिकटलेला असतो, हे येथे पदोपदी ध्यानात ठेवणे भाग आहे.

घटनाक्रम

निर्विवाद म्हणता येतील अशा घटना पुढीलप्रमाणे आहेत. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले व वर्षभराने परतून पन्हाळ्यावर राहिले. १५ मार्च १६८० रोजी रायगडावर राजारामांचा विवाह प्रतापराव गुजरांच्या कन्येशी झाला. त्यापूर्वी आठवड्याभरात मुंज झाली होती. या दोन्ही प्रसंगी संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. ३ एप्रिल १६८० रोजी, शके १६०२ च्या चैत्र पौर्णिमेस, महाराजांचे निधन झाले. २१ एप्रिल रोजी दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण करण्यात आले. अण्णाजी दत्तो व मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याकडे निघाले असता सरनोबत हंबीरराव मोहिते यांनी त्या दोघांनाच धरून संभाजीराजांपुढे उभे केले. हंबीरराव हे सोयराबाईंचे सख्खे बंधू होते. १८ जून रोजी संभाजीराजे रायगडावर पोहोचले, २० जुलै रोजी त्यांनी मंचकारोहण केले आणि १६ जानेवारी १६८१ रोजी विधिवत राज्याभिषेक झाला.

या नोंदींत हत्येचा उल्लेख कोठेही नाही. तो कोठून आला हे पाहण्यापूर्वी महाराजांच्या आजाराविषयीची साधने पाहणे इष्ट ठरेल.

पहिला आरोप : आजार की विष

मुंबईकर इंग्रजांनी २८ एप्रिल १६८० रोजी सुरतेस धाडलेले पत्र हे या बाबतीतील सर्वांत निकटचे लेखी साधन होय. शिवाजीराजे वारल्याची खात्रीलायक बातमी आली असून त्यास तेवीस दिवस झाले आहेत, मृत्यू रक्तातिसाराने झाला असे म्हणतात आणि ते बारा दिवस आजारी होते, असा त्याचा आशय आहे. पत्रातील हिशोबाने मृत्यूची तारीख ५ एप्रिल येते, म्हणजे प्रत्यक्षाहून दोन दिवसांची चूक पडते. गडाचे दरवाजे बंद करून बातमी दाबून ठेवली गेली असताना, महाड हे तेव्हा सावित्रीच्या खाडीवरचे बंदर असले तरी, तेथील किंवा अन्य कोणत्याही वाटेने मुंबईस पोहोचलेल्या वार्तेत एवढा फरक पडणे स्वाभाविक मानले पाहिजे. उलट, एवढाच फरक पडावा ही त्या बातमीदाराच्या चोखपणाची खूण आहे. बारा दिवसांचा आजार धरला तर त्याचा आरंभ २२ ते २४ मार्चच्या सुमारास, म्हणजे राजारामांच्या लग्नानंतर साधारण आठवड्याने झाला असे ठरते.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी मृत्यूचे कारण ज्वर असे दिले आहे. रक्तातिसार आणि ज्वर या दोन कारणांत विसंगती आहे असे काही अभ्यासक मानतात. पण पोटाच्या तीव्र विकारात दोन्ही लक्षणे एकत्र दिसणे यात नवल नाही. जिंजीत बसून सतरा वर्षांनी लिहिणाऱ्याने आजाराचे भारदस्त नाव घेतले आणि वखारीतल्या व्यापाऱ्याने उघडे नाव घेतले, एवढाच कदाचित हा भेद असावा.

येथे सोयराबाईंच्या बाजूने लिहिणाऱ्यांकडून एक घाई होते. रक्तातिसार म्हटले म्हणजे विष नव्हे, असे ते गृहीत धरतात. वैद्यकदृष्ट्या हे विधान टिकत नाही. सोमलासारख्या विषानेही रक्तमिश्रित जुलाब होतात आणि ते थोड्या थोड्या मात्रेने दिल्यास आजार लांबू शकतो. तेव्हा केवळ लक्षणांवरून विषाचा आरोप फेटाळता येत नाही, तसा तो सिद्धही करता येत नाही. लक्षणे मुकी आहेत. निर्णय करावयाचा तो अन्य पुराव्यावरून.

सभासदाचे मौनही असेच जपून वापरले पाहिजे. त्यांची बखर १६९७ च्या सुमारास राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. ज्या राजाने ती लिहविली त्याच्याच मातेवर पतिहत्येचा आरोप होता असे क्षणभर मानले, तर बखरकार तो लिहिणार नाही हे उघड आहे. म्हणून ‘सभासद विषाचा उल्लेख करीत नाही’ हा युक्तिवाद वरवर सबळ भासला तरी त्याचे मोल फार नाही. मृत्युशय्येवरील महाराजांचे जे दीर्घ भाषण सभासदाने दिले आहे त्यावरूनही, हा लेखक त्या प्रसंगाचे टिपण देत नसून पुढील इतिहास ठाऊक असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो रचीत आहे, हे दिसते. इंग्रजी पत्राचे मोल याच कारणाने अधिक आहे. ते लिहिणाऱ्यास राजाराम गादीवर बसो की संभाजी, दोघांशी व्यवहारच करावयाचा होता. राणीला झाकण्याचे त्यास कारण नव्हते.

आता हेतूचा विचार. सोयराबाईंना आपला पुत्र गादीवर यावा असे वाटत होते, हे २१ एप्रिलच्या मंचकारोहणावरून सिद्धच आहे. पण पुत्राला राज्य मिळावे ही इच्छा आणि पतीचा मृत्यू व्हावा ही इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना मार्च १६८० मधील परिस्थितीत त्या परस्परविरोधी होत्या. ज्येष्ठ पुत्र बावीस वर्षांचा, पन्हाळ्यासारख्या बळकट किल्ल्यावर मोकळा. धाकटा दहा वर्षांचा. सेनापती कोणाकडे झुकेल याची खात्री नाही. ज्येष्ठ पुत्र शत्रूस मिळून परत आलेला असल्याने पित्याचे मन त्याच्याविषयी साशंक झालेले. अशा वेळी महाराज जितके दिवस जगतील तितका राजारामांचा पक्ष बळकट होण्याचा संभव होता. राज्याच्या वाटणीचा विचार त्यांच्या मनात असल्याचे सभासदही सांगतो. तो विचार तडीस जाण्यास महाराज हयात असणे आवश्यक होते. ज्याच्या हयातीतच लाभ आहे त्याला मारण्यात कोणता हेतू, हा प्रश्न आरोप करणाऱ्यांनी सहसा विचारलेला नाही.

याहून बोलका पुरावा आहे तो त्या अठरा दिवसांचा. ३ एप्रिल ते २१ एप्रिल या काळात गडावरील मंडळी खल करीत बसली. पन्हाळ्याच्या बंदोबस्ताची व्यवस्था मृत्यूनंतर सुरू झाली, सेनापतीला विश्वासात घेतल्याचे चिन्ह नाही आणि सेनापती तर राणीचा भाऊ. विषप्रयोगाची योजना आखणारी व्यक्ती मृत्यूचा दिवस आधी जाणते. तिची पुढची पावले आधी ठरलेली असतात. रायगडावर दिसते ते अनपेक्षित मृत्यूने गांगरलेल्या आणि नंतर संधी साधू पाहणाऱ्या मंडळींचे वर्तन. ती संधी साधणे हा राजद्रोह म्हणावा की धाकट्या पुत्राचा पक्ष घेणे म्हणावे, याविषयी मतभेद शक्य आहे. हत्येचा पुरावा म्हणून तो चालणार नाही.

दुसरा आरोप : चिटणिसांची बखर आणि तिचा प्रवास

सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथा प्रचारात आली ती मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीमुळे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी राहून लिहिली गेली. घटनेपासूनचे अंतर सुमारे एकशे तीस वर्षांचे आहे. पण अंतरापेक्षाही महत्त्वाची बाब लेखकाच्या कुळाची आहे. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज. १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी ज्यांना देहान्त शासन केले त्यांत बाळाजी आवजी होते. म्हणजे या खटल्यातील प्रमुख साक्षीदार हा आरोपीने मारलेल्या माणसाच्या घरातला आहे. त्यामुळे त्याची साक्ष खोटी ठरते असे नव्हे; घराण्यात जपलेली आठवण कधी कधी कागदापेक्षा खरी असते. पण अन्य आधार मिळेपर्यंत तिच्यावर एकटीवर निकाल देता येत नाही, हा कोणत्याही न्यायसभेचा साधा नियम इतिहासालाही लागू आहे.

इंग्लंडच्या इतिहासात तिसऱ्या रिचर्डवर पुतण्यांच्या हत्येचा जो आरोप आहे त्याची आठवण येथे होते. १४८३ मध्ये लंडनच्या बुरुजात दोन राजपुत्र दिसेनासे झाले. त्याविषयीची विस्तृत कथा ज्यांनी लिहिली ते रिचर्डला रणांगणी मारून गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याच्या राजवटीत लिहीत होते. तेथेही विद्वानांना प्रथम कथेचा नव्हे, कथाकाराचा तपास करावा लागला. फरक इतकाच की तेथे राजपुत्र नाहीसे झाले हे निश्चित. येथे राणीच्या मृत्यूचा काळच चुकीचा सांगितला गेला.

चिटणिसांच्या कथेला प्रतिष्ठा मिळाली ती ग्रँट डफमुळे. १८१८ नंतर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या अधिकाऱ्यास चिटणिशी कागद हाती आले. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इतिहासात संभाजीराजे रायगडावर येताच सोयराबाईंना समोर आणवितात, शिवाजी महाराजांना विष दिल्याचा आरोप करतात, अपशब्द बोलतात आणि हालहाल करून मारण्याची आज्ञा देतात, असा प्रसंग आहे. डफ हा एरवी काळजीपूर्वक लिहिणारा इतिहासकार होता. त्याने कागद पाहिले, तारखा लावल्या. पण या जागी त्याने बखरीतील नाट्य जसेच्या तसे घेतले. पुढे कॅप्टन डेव्हिड केपन याने डफच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले आणि ते शाळांतून वाचले जाऊ लागले. अशा रीतीने साताऱ्याच्या एका घराण्यातील आठवण इंग्रजी ग्रंथात जाऊन, इतिहासाचा शिक्का घेऊन, मराठीत परत आली. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास डफवर टीका करून एतद्देशीय साधनचिकित्सेचा पाया घातला खरा. तथापि शालेय पुस्तकांच्या वाटेने जे मनात शिरले होते ते टीकेने लगेच निघाले नाही. कैकेयीचा साचा मराठी मनात तयारच होता. सावत्र आई, धाकटा मुलगा, वृद्ध राजा आणि दूर असलेला थोरला एवढी सामग्री मिळाल्यावर कथेला दस्तऐवजाची गरज उरली नाही.

वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील संभाजीचरित्रापासून या चित्रात खरा पालट झाला आणि १९७१ मध्ये कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने तो दृढ केला. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे १९६२ मधील नाटक याच दरम्यानचे. नाटककाराचे लक्ष पितापुत्रांतील ताणावर आहे आणि नाटकाला तो अधिकार आहे. अडचण इतकीच की महाविद्यालयात शिकणाऱ्या पिढ्यांनी बेंद्रे वाचले त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात नाटक व कादंबरी वाचली, आणि रायगडावरील सोयराबाईंची मुद्रा त्यांच्या मनात रंगभूमीवरून आली.

दानपत्राची साक्ष

आता चिटणिसांच्या कथेशी थेट टक्कर घेणारा कागद. २४ ऑगस्ट १६८० रोजी संभाजी महाराजांनी बाकरे घराण्यातील विद्वान ब्राह्मणास दिलेले संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यावर महाराजांच्या स्वहस्ते लिहिलेले संमतीचे शब्द आहेत. या दानपत्रात सावत्र मातेचे अंतःकरण स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे आणि पित्याचे मन कलुषित केल्याचा दोष अमात्यमंडळावर ठेवला आहे.

दानपत्राची तारीख निर्णायक आहे. संभाजीराजे रायगडावर आले १८ जूनला. दानपत्र लिहिले गेले त्यानंतर सदुसष्ट दिवसांनी. जर जूनमध्येच पतिहत्येचा आरोप ठेवून राणीला चिणून मारले असेल, तर ऑगस्टमध्ये तिच्या अंतःकरणाच्या निर्मळपणाची ग्वाही धर्मकार्याच्या कागदावर स्वहस्ताक्षराने देण्याचे प्रयोजन सांगता येत नाही. मारलेल्या व्यक्तीची स्तुती करणारे राज्यकर्ते इतिहासात आढळतात. पण जिला पित्याची मारेकरीण म्हणून मारले तिला निर्मळ म्हणणे म्हणजे आपणच केलेली शिक्षा अन्याय्य होती असे लिहून देणे होय.

मात्र दानपत्रातून याहून अधिक काढणे धोक्याचे आहे. राज्य नुकतेच हाती आलेला, अजून अभिषेक न झालेला राजा हा कागद करीत होता. सेनापती हंबीरराव यांच्या निष्ठेवर त्याचे आसन टेकलेले होते आणि राजाराम गडावरच होते. अशा वेळी घरातील कलहाचा दोष आप्तांवरून काढून कारभाऱ्यांवर टाकणे ही राजनीती होती. आश्चर्य असे की याच कारभाऱ्यांना पुढे मुक्त करून अधिकारपदेही दिली गेली. तेव्हा दानपत्र हे सोयराबाईंच्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. ऑगस्ट १६८० मध्ये संभाजी महाराज त्यांच्यावर हत्येचा आरोप करीत नव्हते, एवढे मात्र ते निःसंशय सिद्ध करते. विषप्रयोगाच्या कथेच्या दृष्टीने एवढेही पुरेसे आहे. कारण त्या कथेत आरोप करणारे मुख्य पात्र स्वतः संभाजी महाराजच आहेत.

गृहकलहाविषयीच्या संस्कृत साधनांचा एक धागा पोलादपूरपर्यंत येतो. शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरात आहे. परमानंदांच्या पुढील पिढ्यांनी रचलेले ‘अनुपुराण’ शृंगारपूर व रायगड या दोन केंद्रांभोवतीच्या राजकुटुंबातील तणावाचे वर्णन करते आणि कमल गोखले यांनी त्याचा चांगला उपयोग करून घेतला आहे. काव्य असल्याने त्याला तारखेचा दाखला मागता येत नाही. परंतु मंत्री आणि युवराज यांच्यातील वैर हा कलहाचा गाभा होता, हे दानपत्राचे म्हणणे त्याला स्वतंत्रपणे पुष्टी देणारे आहे. महाड-पोलादपूर परिसरातील अध्यापकांनी या समाधीकडे केवळ स्थानिक अभिमानाचे स्थळ म्हणून न पाहता एका साधनपरंपरेचे उगमस्थान म्हणून पाहावयास हरकत नाही.

१६८१ : उरलेला प्रश्न

बखरीतील तारीख खोटी ठरली म्हणजे प्रकरण मिटले, असा समज अलीकडील लेखनात आढळतो. येथून पुढे पुरावा संभाजी महाराजांच्या बचावपक्षाला तितकासा सोयीचा राहत नाही आणि म्हणूनच त्याची अधिक काटेकोर छाननी हवी.

जून १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर कोकणात उतरला व सुधागडाच्या परिसरात धोंडसे येथे राहिला. त्यानंतरच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांत दोन बातम्या येतात. माशांच्या पदार्थातून संभाजीराजांना विष देण्याचा प्रयत्न झाला व एका मुलाच्या इशाऱ्यामुळे तो फसला, ही एक. अण्णाजी पंडित, हिरोजी फर्जंद आणि राजारामाची आई यांनी अकबराला पुढे करून राजाविरुद्ध कट केला, ही दुसरी. (हे हिरोजी फर्जंद आणि रायगडाचे बांधकाम करणारे हिरोजी इंदुलकर या दोन व्यक्ती होत. गडावर येणाऱ्यांच्या बोलण्यात त्यांची गल्लत वारंवार होते.) यानंतर लवकरच अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, सोमाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांना देहान्त शासन झाल्याची नोंद जेधे शकावलीत आहे. सोयराबाईंच्या मृत्यूची तारीख अभ्यासक २७ ऑक्टोबर १६८१ अशी धरतात.

या पत्रांनी एक गोष्ट कायमची निकालात निघते. १६८१ च्या पावसाळ्यात राजारामाची आई जिवंत होती आणि राजकारणात होती. चिटणीस-डफ यांची जून १६८० ची कथा यानंतर उभी राहू शकत नाही. पण हीच पत्रे दुसरा प्रश्न उभा करतात. कटाच्या आरोपात नाव आलेली राणी, सहकाऱ्यांना देहान्त शासन झाल्यावर थोड्याच आठवड्यांत मृत्यू पावते. तो मृत्यू नैसर्गिक होता, की राणीने विष घेतले, की तिला ते घेण्यास भाग पाडले, की राजाज्ञेने तिचा शेवट झाला? कट फसल्यावर राणीला शासन झाले असे काही इतिहासकार मानतात. तिने स्वतः विष घेतले असे इतर मानतात. दोघांचाही आधार घटनांची सलगता एवढाच आहे.

बचावपक्ष येथे दोन प्रमाणे पुढे करतो. पहिले, तेच दानपत्र. परंतु ऑगस्ट १६८० मधील मत ऑक्टोबर १६८१ मधील कृतीचा पुरावा होऊ शकत नाही. मध्ये चौदा महिने गेले होते, एक विषप्रयोग फसला होता आणि शत्रूच्या पुत्राला घरभेदात ओढण्याचा प्रयत्न झाला होता. ज्या कारभाऱ्यांना १६८० मध्ये क्षमा झाली तेच १६८१ मध्ये मारले गेले. तर त्याच काळात राणीविषयीचे मत अढळ राहिले असे गृहीत धरण्यास आधार कोणता? चिटणिसांनी १६८१ ची गोष्ट १६८० मध्ये नेली; आधुनिक लेखक १६८० चा कागद १६८१ मध्ये नेतात. दिशा उलटी आहे, दोष तोच आहे.

दुसरे प्रमाण हंबीररावांचे. बहिणीचा वध झाला असता तर हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळील लढाईत पडेपर्यंत एकनिष्ठ राहिले असते काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न परिणामकारक आहे, पण त्याचे उत्तर त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका घराण्याने देऊन ठेवले आहे. बाळाजी आवजींचा वध निर्विवाद आहे. तरीही त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ संभाजी महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या सेवेत राहिले व राज्यासाठी झिजले. म्हणजे आप्ताचा वध आणि राज्यनिष्ठा त्या काळी एकाच घरात नांदू शकत होती. हंबीररावांच्या निष्ठेवरून सोयराबाईंच्या मृत्यूविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. हंबीररावांची कन्या ताराबाई पुढे राजारामांस दिली गेली, यावरूनही नाही.

राजारामांच्या बाबतीतील वर्तन मात्र खरोखर विचारात घेण्याजोगे आहे. मोगल घराण्यात प्रतिस्पर्धी भावांचे जे होत असे ते येथे झाले नाही. ज्याच्या नावाने दोनदा कट झाला तो भाऊ रायगडावर नजरेखाली, पण सुरक्षित राहिला. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेल्यावर येसूबाईंच्या पुढाकाराने त्याचेच मंचकारोहण त्याच गडावर झाले. संभाजी महाराजांच्या क्रौर्याची जी प्रतिमा डफने रंगविली तिला हे वर्तन छेद देते. तथापि कटात सामील प्रौढ व्यक्ती आणि कटाला नाव पुरविणारा बालक यांच्यात राजा भेद करीत होता, एवढाच त्याचा अर्थ निघतो. त्यात मातेचे काय झाले याचे उत्तर नाही.

दरवर्षी चैत्र पौर्णिमेस रायगडावर पुण्यतिथीचा सोहळा होतो आणि त्या निमित्ताने परिसरातील महाविद्यालयांतून व्याख्याने होतात. श्रोत्यांतून विषप्रयोगाचा प्रश्न हमखास येतो. त्याला आज देता येण्याजोगे उत्तर असे : विषप्रयोगाला समकालीन आणि निकटचा एकही आधार नाही आणि परिस्थितिजन्य पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, जून १६८० मध्ये भिंतीत चिणून मारल्याची कथा दानपत्राने व इंग्रजी पत्रांनी खोटी ठरली आहे, २७ ऑक्टोबर १६८१ च्या मृत्यूचे कारण सिद्ध नाही. पहिल्या दोन बाबतींत ‘सिद्ध नाही’ एवढेच म्हणणे राणीवर अन्याय करणारे आहे. तिसऱ्या बाबतीत त्याहून एक शब्द अधिक बोलणे कोणाही पक्षाला शक्य नाही.